पंचेचाळीस अक्षरांची धूळ

शाळांच्या स्नेहसंमेलनात एक छोटा कार्यक्रम अनेकदा दिसतो. नाच संपलेला असतो, पुढच्या नाटिकेची मुलं पडद्यामागे कपडे बदलत असतात आणि तेवढ्या वेळात सहावी-सातवीतलं एखादं पोर माईकसमोर येऊन इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द म्हणून दाखवतं: न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कॉपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस. शिंदखेडा असो, दोंडाईचा असो की मुंबईतली इंग्रजी शाळा असो, शब्द हाच. एका श्वासात, न अडखळता. निवेदक सांगतो, या शब्दात पंचेचाळीस अक्षरं आहेत. टाळ्या पडतात, पोर खाली उतरतं, नाटिका सुरू होते.

या शब्दाकडे मला एक साहित्यकृती म्हणून बघायचं आहे. तसं बघायला हरकत नसावी. त्याला लेखक आहे, प्रकाशनाची तारीख आहे, सादरीकरणाची परंपरा आहे. एखाद्या बऱ्या कवीच्या कवितेला मिळणार नाहीत इतके पाठ म्हणणारे त्याला मिळाले आहेत. मिळालेली नाही ती फक्त समीक्षा. हा शब्द काय सांगतो, काय लपवतो, आणि तो नेमका कुठे तोडायचा, हे आपण विचारलेलंच नाही. तोडण्याचा प्रश्न वरवर उच्चाराचा वाटतो. पण शब्द जिथे तोडावा तिथून त्याच्यात शिरता येतं, आणि या शब्दात शिरलं की आत माणसं सापडतात.

तीन आकडे

निवेदकाच्या 'पंचेचाळीस अक्षरां'पासूनच सुरुवात करू. मराठीत 'अक्षर' हा शब्द एकटाच तीन ठिकाणी राबतो. इंग्रजी लेटरला आपण अक्षर म्हणतो. देवनागरीत काना-मात्रा-वेलांटीसकट जे एक चिन्ह लिहितो, तेही अक्षर. आणि भाषाविज्ञानाची मराठी पुस्तकं सिलॅबललाही, म्हणजे एका स्वराभोवती गोळा होऊन एका झटक्यात तोंडाबाहेर पडणाऱ्या ध्वनींच्या गटालाही, अक्षरच म्हणतात. त्यामुळे या शब्दात अक्षरं किती, याला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. रोमन लिपीत ४५. देवनागरीत २२. तोंडात १९.

बावीस आणि एकोणीस यांच्यातला फरक समजायला शब्दकोश लागत नाही, शिंदखेडा पुरतो. कागदावर शिं-द-खे-डा अशी चार अक्षरं आहेत. आता म्हणून बघा. कोणीही 'शिं-द-खे-डा' असे चार ठोके देत नाही. आपण 'शिन्द्-खे-डा' म्हणतो, तीन ठोके. मधल्या 'द'मधला अ लिहिलेला असतो, उच्चारलेला नसतो. मराठी बोलणारा माणूस हे दिवसातून हजार वेळा करतो आणि त्याला ते कोणी शिकवलेलं नसतं. लिपी एका जागी कापते, जीभ दुसऱ्या जागी.

त्या लांब शब्दात लिपीने तीन जागी जास्तीचे तुकडे पाडले आहेत. 'माय' लिपीत दोन अक्षरं आहेत, तोंडात एक. 'पिक'चं तसंच, आणि शेवटच्या 'सिस'चंही तसंच. बावीसमधून हे तीन वजा केले की एकोणीस उरतात. शिवाय दोन ठिकाणी लिपीने चुकीची गाठ मारली आहे. आपण 'अल्ट्रा' लिहितो तेव्हा डोळ्याला 'अ' आणि 'ल्ट्रा' असे तुकडे दिसतात. 'ल्ट्रा'ने सुरू होणारा झटका मराठी जिभेलाही येत नाही आणि इंग्रजी जिभेलाही. तोंड ते 'अल्-ट्रा' असंच कापतं. 'व्हॉल्के'चंही तेच. डोळ्याला 'व्हॉ-ल्के', तोंडाला 'व्हॉल्-के'. तेव्हा पूर्ण शब्द असा: न्यु-मो-नो-अल्-ट्रा-माय-क्रो-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-ओ-सिस्.

गंमत अशी की हे कापायची सुरी मराठी मुलाच्या दप्तरात आधीच असते. व्याकरणात वृत्तांचा धडा असतो, त्यात लघु-गुरूचे नियम असतात. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर ते ऱ्हस्व असूनही गुरू धरायचं, हा त्यातला एक. हा नियम आपण परीक्षेपुरता पाठ करतो, पण त्याच्या पोटात सिलॅबलचंच ज्ञान आहे. जोडाक्षरातला पहिला व्यंजनध्वनी मागच्या अक्षराला जाऊन चिकटतो, म्हणून ते जड होतं. छंदशास्त्र 'अल्ट्रा'तल्या 'अ'ला गुरू ठरवतं ते 'ल्' त्याच्या खात्यात जमा करूनच. लिपीने जी गाठ चुकवली ती छंदाने सोडवून ठेवली आहे. मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास एकाच वर्गात, एकाच बाकावर होतात, तरी या दोन गोष्टींची भेट होत नाही.

छंदाला जे जमत नाही ते म्हणजे इंग्रजीतला आघात. इंग्रजीत प्रत्येक लांब शब्दाला उंचवटे असतात. एखादा सिलॅबल वर येतो, शेजारचे खाली दबतात. मराठीत अक्षर ऱ्हस्व की दीर्घ हे महत्त्वाचं, आणि देवनागरीने त्यासाठी चिन्हं केली. आघातासाठी केली नाहीत, कारण आपल्याला त्यांची फारशी गरज पडली नव्हती. या शब्दाचे दोन मोठे उंचवटे आहेत: एक 'स्कॉ'वर, दुसरा शेवटून दुसऱ्या 'ओ'वर. हे मनमानी नाही. '-इक' हा प्रत्यय लागला की बहुतेक वेळा आघात त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर सरकतो. 'ॲटम'मध्ये तो 'ॲ'वर असतो, 'ॲटॉमिक'मध्ये 'टॉ'वर. 'मायक्रोस्कोप'मध्ये तो 'माय'वर असतो. '-इक' लागताच तो 'स्कॉ'वर जातो आणि जाताना 'स्कोप'चा 'स्कॉप' करतो. '-ओसिस'ने संपणाऱ्या रोगनामांत आघात त्या 'ओ'वरच असतो: ट्युबरक्युलोसिसमध्ये 'लो'वर, सिलिकोसिसमध्ये 'को'वर. हे दोन नियम कळले तर शब्द आपोआप पाच श्वासांत बसतो: न्युमोनो, अल्ट्रामायक्रोस्कॉपिक, सिलिको, व्हॉल्केनो, कोनिओसिस. स्टेजवर मात्र तो पाढ्यांच्या चालीत येतो, सगळे ठोके सारखे, बे एके बे. पाढ्यांची चाल वाईट नाही, तिने पिढ्यान्‌पिढ्या हिशेब सांभाळले. पण पाढ्यात प्रत्येक ओळीचा अर्थ चालीबरोबर येतो. इथे नुसती चाल येते.

कानाने आलेले आणि डोळ्याने आलेले

इंग्रजी शब्द खानदेशात दोन वाटांनी आले. पहिली वाट कानाची. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग शिंदखेड्यावरून जातो. रेल्वेबरोबर जे शब्द आले ते लोकांनी वाचले नाहीत, ऐकले. स्टेशनचं टेसन झालं, एंजिनचं इंजन झालं, प्लॅटफॉर्मचं फलाट झालं. 'फलाट' हा शब्द मला फार आवडतो. सुरुवातीचं 'प्ल' आपल्या जिभेला जड म्हणून त्यात स्वर घालून ते मोकळं केलं, 'फॉर्म'चं शेपूट गळून पडलं, आणि जे उरलं ते इतकं घरचं झालं की त्याच्या परकेपणाची आठवणही राहिली नाही. ही अशुद्धता नव्हे. जिभेने स्वतःच्या नियमाने, स्वतःच्या मापाने कापून घेतलेलं ते कापड आहे.

दुसरी वाट डोळ्याची. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. ते पुस्तकातून, फळ्यावरून, गाइडात शब्दापुढे देवनागरीत छापलेल्या उच्चारावरून आलं. डोळ्याने आलेला शब्द जीभ कापत नाही, लिपी कापते. म्हणून तो इंग्रजीच्या मापाचाही होत नाही आणि आपल्याही मापाचा होत नाही. गाइडातला उच्चार हा मुलाला पलीकडे नेणारा पूल असावा अशी अपेक्षा असते. पण त्यात ठोके कुठे पडतात आणि उंचवटा कुठे आहे यांपैकी काहीच दाखवलेलं नसतं. एक आडवी रेघ आणि एक ठळक अक्षर एवढ्यावर हे काम भागलं असतं. ते होत नाही, कारण उच्चार छापणाऱ्यालाही शब्द ऐकू येत नसतो, नुसता दिसत असतो.

शिंदखेड्याकडच्या पोराच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. त्याची घरची भाषा बहुधा अहिराणी. अहिराणीत ळ चा य होतो आणि ण चा न होतो. वर्गात ते 'पानी' म्हणालं की हसू होतं, 'डोया' म्हणालं की दुरुस्ती होते. घरची भाषा खालच्या पायरीवर, शाळेची मराठी मधल्या आणि इंग्रजी सगळ्यात वरच्या, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. एका 'न'साठी ज्याला टोकलं जातं, त्याच पोराच्या 'न्युमोनो'ला सभागृह टाळ्या देतं. त्या टाळ्या मुलाच्या वाट्याच्या आहेत, त्या मी हिरावून घेणार नाही. एवढ्या लोकांसमोर उभं राहून एकोणीस ठोके न चुकता पार करणं सोपं नाही. प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांचा आहे. आपण नेमकी कशाला दाद देतो?

विग्रह करा

आपल्याकडे पाठांतराची परंपरा मोठी आहे आणि पाठांतराच्या टीकेची परंपराही तितकीच जुनी आहे. वेदांची संहिता अखंड म्हटली जायची तेव्हाच तिचा पदपाठही तयार झाला, प्रत्येक पद सुटं करून. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. यास्काने निरुक्तात तर सरळ सांगितलं की वेद पाठ करून त्याचा अर्थ न जाणणारा माणूस म्हणजे ओझं वाहणारा खांब. म्हणजे अखंड म्हणणं आणि सुटं करून समजणं ही दोन कामं आहेत, आणि दुसऱ्यावाचून पहिलं अपुरं, हे आपल्याला निदान अडीच हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

तर दहावीच्या प्रश्नपत्रिकेसारखा विग्रह करू. 'न्युमोन' हे ग्रीकमध्ये फुप्फुस. 'अल्ट्रा' हे लॅटिनमध्ये पलीकडचं. 'मायक्रो' बारीक, 'स्कोप' पाहणं, म्हणजे सूक्ष्मदर्शकाने पाहण्याइतकंही नाही, त्याच्याही पलीकडचं बारीक. 'सिलेक्स' ही लॅटिनमधली गारगोटी, तिच्यातून सिलिका आली. 'व्हल्कन' हा रोमन अग्निदेव, त्याच्यापासून व्हॉल्केनो, ज्वालामुखी. 'कोनिस' म्हणजे ग्रीकमध्ये धूळ. 'ओसिस' हा विकार दाखवणारा प्रत्यय. एकत्र केलं तर: ज्वालामुखीच्या गारगोटीयुक्त अतिसूक्ष्म धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार. आपल्या पद्धतीने समास करायचा तर फुप्फुसातिसूक्ष्मगारज्वालामुखीधूलिविकार. हाही एका श्वासात म्हणता येतो, आणि म्हणताना त्यातली धूळ ऐकूही येते. ज्या जिल्ह्याचं नावच धुळे, तिथल्या मुलाला 'कोनिस' सांगताना शिक्षकाला फार लांब जावं लागणार नाही.

विग्रह केल्यावर एक गोष्ट दिसते जी एका श्वासात कधीच दिसली नसती. या कृत्रिम शब्दाच्या पोटात दोन खरे शब्द आहेत, आणि दोन्ही मधोमध चिरलेले आहेत. पहिला तुकडा आणि शेवटचा तुकडा जोडा: न्युमोनो-कोनिओसिस. धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकारांचं हे नाव एकोणिसाव्या शतकात झेंकर या जर्मन डॉक्टरने दिलं; आज तेच थोडं आखडून न्युमोकोनिओसिस म्हणून चालतं. आता 'सिलिको'ला शेवटचं 'ओसिस' जोडा: सिलिकोसिस. हा त्या गटातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात निर्दय रोग. दगड फोडणारे, खाणीत ड्रिल मारणारे, गारगोटीची भुकटी करणारे यांच्या फुप्फुसात सिलिकाचे कण बसतात, फुप्फुस त्यांच्याभोवती व्रण धरतं, व्रणाची गाठ होते, श्वास कमी कमी होत जातो. धूळ थांबली तरी रोग पुढे सरकू शकतो. त्याला बरं करणारं औषध नाही.

'सिलिको' आणि 'ओसिस' यांच्या मध्ये पाचर कोणाची आहे? ज्वालामुखीची. शब्दातला हा एकच घटक नुसती सजावट आहे, आणि तोच सगळ्यात जास्त नुकसान करतो. कारण 'ज्वालामुखी' म्हटलं की रोग निसर्गाच्या खात्यावर जातो. डोंगर फुटला, राख उडाली, त्याला माणूस काय करणार? ज्वालामुखीचं खानदेशाला नवल नाही. आपण दख्खनच्या लाव्ह्यावरच राहतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थंड झाला. भेगांतून वर येऊन गोठलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती धुळे-नंदुरबारच्या माळावर अजून उभ्या आहेत. या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका फार कमी असते. सिलिकोसिस मुख्यतः येतो तो गारगोटीतून, वालुकाश्मातून, काही पाट्यांच्या दगडांतून, आणि तोही आपणहून नाही. दगड कोणीतरी कोरडा कापतो, पाणी मारायचे पैसे वाचवतो, खिडकी ठेवत नाही, तेव्हा येतो.

फेब्रुवारी १९३५

या शब्दाचा लेखक एव्हरेट एम. स्मिथ. तो अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचा, म्हणजे शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. संघटनेच्या बैठकीत त्याने हा शब्द मांडला आणि २३ फेब्रुवारी १९३५ रोजी न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनने त्याची बातमी छापली. हेतू उघड होता: सगळ्यात लांब शब्द तयार करायचा. पुढे वेबस्टरने तो घेतला, ऑक्सफर्डनेही घेतला. ऑक्सफर्डने घेताना सांगून टाकलं की याचा वापर मुख्यतः लांब शब्दाचा नमुना म्हणूनच होतो. कुठल्या रोग्याच्या केसपेपरवर लिहिण्यासाठी तो जन्मलाच नव्हता.

पण तारीख पाहा. त्या वर्षांत अमेरिकेत सिलिकोसिस हा शब्द हवेत होता. वेस्ट व्हर्जिनियात गॉली ब्रिज गावाजवळ १९३० ते ३१मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातून बोगदा खणला गेला. हॉक्स नेस्टचा बोगदा. डोंगरातला दगड सिलिकाने भरलेला होता. ड्रिल कोरडं चाललं. मजुरांत बहुसंख्य काळे होते, कामाच्या शोधात दक्षिणेतून आलेले. शेकडो मेले, कित्येक तर काही महिन्यांतच. खटले चालले आणि १९३६च्या सुरुवातीला अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्षी झाल्या. स्मिथने शब्द या घटनेवरून घडवला असं म्हणायला पुरावा नाही आणि मी तसं म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की एकाच देशात, एकाच सुमारास, एकाच रोगाभोवती भाषेने दोन कामं केली. एकाने त्यातून कोडं केलं. दुसरं काम एका कवयित्रीने केलं.

म्युरिएल रूकायझर १९३६मध्ये छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर गॉली ब्रिजला गेली. १९३८मध्ये तिच्या संग्रहात 'द बुक ऑफ द डेड' ही कवितामालिका आली. तिने समितीपुढच्या साक्षी, डॉक्टरांची उत्तरं, एक्स-रेचे तपशील, कुटुंबांची बोलणी कवितेत आणली. या मालिकेत वैद्यकीय भाषा पुष्कळ आहे, पण ती मिरवायला नाही. रोगाचं नाव तिथे येतं तेव्हा ते कोणाच्या तरी छातीला चिकटलेलं असतं. स्मिथच्या शब्दात धूळ आहे, फुप्फुस आहे, विकार आहे. ज्याचं फुप्फुस तो माणूस नाही. एकोणीस सिलॅबलमध्ये त्याला जागा मिळाली नाही. समीक्षक म्हणून मला या कृतीतला हाच मूळ दोष वाटतो, आणि तो लांबीमुळे आलेला नाही. रूकायझरची मालिका या शब्दाच्या कितीतरी पट लांब आहे.

सातपुड्यापलीकडे

वेस्ट व्हर्जिनिया दूर वाटत असेल तर नकाशा जवळ आणू. शिंदखेड्याहून सुरतेच्या दिशेला नंदुरबार. १ जुलै १९९८पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबारच्या उत्तरेला सातपुडा, सातपुड्याच्या पायाशी नर्मदा, आणि पलीकडच्या काठावर मध्य प्रदेशातला अलिराजपूर. इकडचे भिल्ल-पावरा आणि तिकडचे भिल्ल-भिलाला यांच्यातली सीमा नकाशावर जितकी ठळक आहे तितकी जमिनीवर नाही. अलिराजपूर, झाबुआ, धार इथले आदिवासी मजूर पोटासाठी गुजरातेत गोधरा परिसरातल्या गारगोटीची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत गेले. काही महिने काम केलं, परत आले आणि खोकत खोकत मेले. कित्येक तिशीच्याही आत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१०मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. पैसे द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६मध्ये काढावा लागला.

अशा रोग्यांच्या बाबतीत सगळ्यात कठीण गोष्ट असते कागदावर योग्य शब्द येणं. खोकला, ताप, वजन उतरणं, छातीत डाग: क्षयाची आणि सिलिकोसिसची लक्षणं एकमेकांजवळ बसतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर गाठतो. म्हणून कागदावर दोन अक्षरं लिहिली जातात, टीबी. ही दोन अक्षरं आणि सिलिकोसिस हा चार ठोक्यांचा शब्द यांच्यातलं अंतर वैद्यकीय आहे त्याहून अधिक कायद्याचं आहे. टीबी म्हटलं की कारण जंतू असतो. सिलिकोसिस म्हटलं की कारण कारखाना असतो. १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस होता. तो दिसला की कळवणं व्यवस्थापनावरही बंधनकारक आहे आणि तपासणाऱ्या डॉक्टरवरही. शब्द लिहिला की जबाबदारी सुरू होते. म्हणूनच तो लिहिला जात नाही.

आणि या रोगाची शाळेशी असलेली नाळ तर आणखी जवळची आहे. पाटीवर लिहायची पेन्सिल आठवा. मध्य प्रदेशातलं मंदसौर हे या पेन्सिलींचं मोठं केंद्र होतं. तिथे दगडाच्या चिपा यंत्राच्या करवतीने कोरड्याच कापल्या जात आणि कापणारे धुळीत बसलेले असत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला. पुष्कळांनी पोरवयातच कामाला सुरुवात केली होती. म्हणजे एका वयाची दोन मुलं: एक पेन्सिल कापणारं, एक त्या पेन्सिलीने अ-आ-इ गिरवणारं. शाळेतल्या मुलाने मोठं होऊन स्टेजवर जो शब्द म्हटला, तो दुसऱ्या मुलाच्या छातीतल्या रोगाचा फुगवलेला, नटवलेला अवतार होता. दोघांपैकी कोणालाही हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. शब्द शिकवणाऱ्याला मात्र ते माहीत असायला हवं.

मग स्टेजवर काय करायचं?

हा शब्द शाळेतून काढून टाका असं मी म्हणणार नाही. मुलांना लांब शब्दांचा नाद असतो आणि तो चांगला नाद आहे. 'चट्टामट्टा' म्हणणाऱ्या वयापासून जिभेला कसरत आवडते. माझा आग्रह फक्त तोडण्यापुरता आहे, आणि तोडण्याच्या तिन्ही जागा मुलाला दाखवाव्यात एवढाच आहे.

पहिल्यांदा लिपी: हे बघ, लिहिताना बावीस अक्षरं होतात. दुसऱ्यांदा तोंड: हनुवटीखाली हात धर आणि म्हण. साधारण प्रत्येक ठोक्याला हनुवटी खाली येईल, मोज, एकोणीस झाले पाहिजेत. हीच कसरत आधी शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा अशा गावांच्या नावांवर करून घ्यावी, म्हणजे सिलॅबल ही इंग्रजीची मक्तेदारी नाही हे त्याला कळेल. मग 'स्कॉ' आणि 'ओ'वर चढायला लावावं. तिसऱ्यांदा अर्थ: फळ्यावर विग्रह करावा, 'व्हॉल्केनो' पुसून टाकावा, 'सिलिको' आणि 'ओसिस' यांच्यातलं अंतर मिटवावं आणि जो शब्द तयार होईल तो कोणाला होतो, कशाने होतो, हे पाच मिनिटांत सांगावं. अहिराणीत सांगितलं तरी चालेल. 'धूळ'चा उच्चार जिभेवर 'धूय' झाला म्हणून फुप्फुसातल्या धुळीत काही फरक पडत नाही.

असं शिकलेलं मूल स्टेजवर गेलं तर कार्यक्रम दोन मिनिटांनी लांबेल. ते आधी लांब शब्द म्हणेल, मग छोटा म्हणेल आणि छोट्याचा अर्थ सांगेल. टाळ्या कदाचित कमी पडतील. पण पुढे त्या सभागृहातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी तलाठी, कोणी खडी-क्रशरचा मालक, कोणी तिथला मजूर. त्यांतल्या एकाने जरी छातीचा एक्स-रे पाहून 'काम काय करतोस?' असं विचारलं, किंवा तसं विचारा म्हणून हट्ट धरला, तर तो शब्द पाठ केल्याचा उपयोग झाला. पंचेचाळीस अक्षरं पाठ व्हायला चांगल्या मुलाला आठवडा लागतो. २३८ मृतांच्या घरी शिफारशीपासून आदेश यायलाच सहा वर्षं लागली.